पृष्ठ अकरावरचा ऊस

१२ एप्रिल १९३६, रविवार. बारामती

'कालवाकाठ'चा चैत्राचा अंक एकदाचा बाहेर पडला, त्यालाही दहा दिवस झाले. शाळेच्या नोकरीतून सुटलो तेव्हा वाटले होते, आता दुपारी निजावे, संध्याकाळी कालव्याच्या कडेने फिरून यावे. पण बागायतदार मंडळाला मासिक काढायची हौस आली आणि रिकामा मास्तर म्हणून मला धरून संपादक केले. लेख देतो म्हणणारे पुष्कळ, देणारा एखादा. प्रुफे मीच तपासायची, पत्ते मीच लिहायचे, तिकिटे मीच चिकटवायची. जिभेला डिंकाची चव कायमची बसली आहे.

या अंकाचे मात्र समाधान आहे. पहिलाच लेख चि. आनंदचा. 'उसास एकाआड पाळीचे पाणी: दोन वर्षांचे प्रयोग.' पुण्याच्या शेतकी कॉलेजातून पास होऊन तो इंदापूरला मोहनराव वकिलांच्या मळ्यावर प्रयोग करतो. मोहनराव आमच्या मंडळाचे अध्यक्ष. कालव्याचे पाणी दहाबारा दिवसांनी पाळीने येते. आनंदचे म्हणणे, एक पाळी घ्यावी, एक सोडावी. ऊस तेवढाच येतो, आणि पाणी जास्त झाल्याने आपल्याकडच्या जमिनीत जे मीठ फुटू लागले आहे ते थांबते. पृष्ठ अकरावर दोन फोटो छापले आहेत. वर दर पाळीच्या पाण्याचा ऊस, खाली एकाआड पाळीचा. उंची कळावी म्हणून दोन्हींत मुकादमाची बायको रंगूबाई उसाला लागून उभी आहे. फोटो काढायचा म्हणून नटूनथटून, नथ घालून आली होती म्हणे. खालचा ऊस वरच्याला तसूभर कमी नाही.

मुलाचा लेख बापाने छापावा का, असे मनात आले होते. दुसऱ्या कोणा जाणत्याकडे आधी वाचायला पाठवावा, असेही आले. पण उन्हाळा तोंडावर, अंक रिकामा, आणि जाणता आणायचा कुठून? मोहनराव म्हणाले, "छापा हो. माझ्याच मळ्यातला ऊस आहे, मी काय आंधळा आहे?" मग छापला.

दुपारी काटेवाडीचे सावळाराम आले होते. त्यांच्या गावात एकच अंक जातो आणि तो देवळापुढे मोठ्याने वाचतात. म्हणाले, "मास्तर, समद्यांनी दोनदा वाचून घेतला. आता म्या येक पाळी सोडनार. पोरानं नाव काडलं तुमचं." सौ.ने त्यांना चहा दिला, वर लाडूही दिला. एरवी माझ्याकडे आलेल्यांना ती लाडू देत नाही.

या लेखामुळेच आनंदला एका संशोधन फार्मवरच्या जागेसाठी बोलावणे आले आहे. जूनच्या आरंभी मुलाखत.

१७ एप्रिल, शुक्रवार

घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू. मला ओसरीवर हाकलून दिले होते. आत पन्हे, आंबेडाळ आणि बायकांचा कालवा. सौ.ने भिजवलेल्या हरभऱ्याने ओट्या भरता भरता आलेल्या प्रत्येकीला आनंदचा लेख दाखवला असणार. अक्षर न येणाऱ्या बायकांनाही फोटो तरी बघा म्हणून अंक हातात देत होती.

मध्येच मोठा हशा उठला. कालव्याचे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची बायको कुशाबाई म्हणत होती, "अवो काकू, ह्या बाईनं नथ कुठं घातली बगा! उजव्या नाकात! आन् पदर बी उजव्या खांद्यावर. आमच्यात असं करत्याल का कुनी?" मग एकेकीने अंक ओढून घेतला. वरच्या फोटोत सगळे ठीक, खालच्यात सगळे उलटे. रंगूबाईच्या हातातला विळासुद्धा डाव्या हातात गेलेला.

बायका गेल्यावर सौ. तणतणत बाहेर आली. "त्या ब्लॉकवाल्याला चांगलं खडसावा. माझ्या पोराचा पहिला लेख आणि बाई उलटी छापून ठेवली मेल्यानं." फोटो छापायचे ब्लॉक पुण्याहून करून आणतो आम्ही. काच उलटी पडली की असे होते, मी सांगितले. उद्या लिहितो म्हटले. दमलो आहे. आंबेडाळ मात्र छान झाली होती.

१८ एप्रिल, शनिवार

ब्लॉकवाल्याला कडक लिहायला बसलो. पण आधी मूळ फोटो बघून घ्यावे म्हणून कपाटातून काढले. ब्लॉकबरोबर ते परत आलेच होते. मूळ फोटोतही नथ उजवीकडेच आहे. म्हणजे ब्लॉकवाल्याने मिळाले तसे छापले.

सौ. भाजी निवडत होती. मी काय करतो आहे ते बघून म्हणाली, "आरशात धरा म्हणजे बाई सरळ दिसेल," आणि आपली कुंकवाची पेटी उघडून पुढे सरकवली. झाकणात आरसा आहे. मी खालचा फोटो आरशापुढे धरला. रंगूबाई सरळ झाली. नथ डावीकडे, पदर डावीकडे, विळा उजव्या हातात. वरच्या फोटोत तिच्या कोपराजवळ उसाचे एक पान मोडून लोंबते आहे. आरशातही तेच पान, तसेच, तिथेच मोडलेले. तिच्या कपाळावर आलेली बटही तीच. बांधावरचा दगडही तोच. खालच्या फोटोची कड थोडी कापली आहे, एवढाच फरक.

दोन उसांचे दोन फोटो नाहीत. एकाच उसाचा एकच फोटो आहे, आणि तो एकदा उलटा करून छापला आहे.

सौ.ने विचारले, "झाली का सरळ?" मी "झाली" म्हटले आणि पेटी मिटून तिच्याकडे दिली. तिला काही कळले नाही. बरे झाले.

२० एप्रिल, सोमवार

दोन दिवस हाच विचार. आनंदने चुकून एकच फोटो दोनदा पाठवला असेल. घाईत माणूस काय करत नाही? खरा दुसरा फोटो त्याच्याकडे ट्रंकेत पडला असेल. पण चुकून पाठवला तर तो उलटा कसा होईल, आणि कड कोण कापेल?

इंदापूरला कार्ड टाकले. 'सवड काढून ये.' कारण लिहिले नाही.

२६ एप्रिल, रविवार

आनंद सकाळच्या मोटारीने आला. आईने पुरणपोळी केली. जेवण होईपर्यंत मी काही बोललो नाही. मग त्याला घेऊन कालव्यावर गेलो. ऊन रणरणते होते, पण घरात बोलण्याची सोय नव्हती.

दोन्ही फोटो पुढे धरले. तो म्हणाला, "काच उलटी पडली असेल, तात्या." मी मोडके पान दाखवले. त्याने फोटो परत दिले. मग सगळे सांगितले.

पहिल्या वर्षी प्रयोग खरोखर साधला. एकाआड पाळीचा ऊस उत्तम आला. पण त्या उन्हाळ्यात दोनदा वळीव चांगला लागला होता, तोही नेमका सोडलेल्या पाळ्यांच्या वेळी. आनंदला वाटले, पाऊस नसता तरी निभले असते. दुसऱ्या वर्षी थेंब पडला नाही. वैशाखात तो तुकडा वाळून गेला. उपटून बैलांना घातला. तोवर मोहनरावांनी चार सभांत 'आमच्या मळ्यातला प्रयोग' म्हणून सांगून ठेवले होते. पहिल्या वर्षीचा फोटो काढलेलाच नव्हता. मग त्याने दर पाळीच्या उसाचाच फोटो उलटा छापून घेतला. दुसऱ्या वर्षीचे गुळाचे वजन पहिल्या वर्षीवरून बसवले.

"पद्धत खरी आहे, तात्या," तो म्हणाला. "फक्त ते एक वर्ष खोटं निघालं."

इतकी वर्षे शाळेत मुलांच्या सबबी ऐकल्या. अशी कोणी सांगितली नव्हती. आणि हे सांगताना त्याचा चेहरा लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता, त्यामुळे मला रागवताही येईना. म्हणाला, "मुलाखत होईपर्यंत थांबा. जागा मिळाली की तिथं प्रयोग नीट करीन आणि खरं काय ते मीच लिहीन. तोवर फोटो उलटा छापला गेला एवढं शुद्धिपत्र टाका. ते काही खोटं नाही."

विचार करतो म्हटले. निरोप देताना सौ. त्याच्या डब्यात पोळ्या भरत होती. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उन्हाचा जातोस, जपून जा." इतकेच. एरवी मोटारतळापर्यंत येते.

२९ एप्रिल, बुधवार

इंदापूरला जाऊन आलो. मोटारीत धुळीने जीव नकोसा झाला. मोहनरावांना स्पष्ट सांगितले. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतले. वाळलेला ऊस त्यांनी पाहिला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. माझ्यापाशी ते म्हणाले नाहीत, मीही विचारले नाही.

"मास्तर, मासिक म्हणजे काय कोर्ट आहे?" ते म्हणाले. "एखादा लेख चुकला म्हणून कोणी छापलेलं गिळतं का? आपल्या नियमांत तसं कलमच नाही. फार वाटत असेल तर मंडळापुढे विषय ठेवू. सभा ज्येष्ठात."

कलम नाही हे खरे. नियम मीच लिहिले होते. वर्गणी, पोस्टेज, जाहिरातीचे दर, सगळे घातले. छापलेले खोटे निघाले तर काय करावे हे सुचलेच नव्हते. सभा ज्येष्ठात म्हणजे तोवर मुलाखत होऊन जाईल. हे मी ठरवले नाही, आपोआप तसे जमून आले. गोष्टी रीतीने व्हाव्यात. एकट्या संपादकाने उठून काही करणे बरे दिसत नाही.

१० मे, रविवार

वैशाखाचा अंक निघाला. शेवटच्या पानावर तळाला: 'गेल्या अंकात पृ. ११ वरील खालचा फोटो अनवधानाने उलटा छापला गेला. वाचकांनी सुधारून घ्यावे.' वाक्य पुष्कळ वेळा वाचून पाहिले. एकही शब्द तसा खोटा नाही, 'अनवधानाने' सोडला तर.

छापखान्यातला कंपोझिटर भीमा रागावला आहे. "मास्तर, उलटं आमी कवा छापलं? पुन्याहून आलं तसं लावलं. आता समदे आमालाच हसत्याल." त्याला म्हटले, शुद्धिपत्रात छापखान्याचे नाव कुठे आहे? तो म्हणाला, "नाव कशाला पायजे? छापायचं काम आमचंच न्हवं का?" आणि अक्षरांचे खिळे जुळवू लागला. आज त्याने मला बसा म्हटले नाही.

सौ.ने शुद्धिपत्र वाचले. वाचून अंक घडी करून कोनाड्यात ठेवला. "बरं झालं" म्हणाली. अलीकडे ती फार थकल्यासारखी वाटते. कुंकू लावताना पेटी उघडत नाही, नुसते बोटाने अंदाजाने लावते आणि ते वाकडे होते. आरसा तडकला का विचारले, तर नाही म्हणाली. उन्हाळा बाधला असावा. वाळ्याचे पाणी घे म्हटले.

१९ मे, मंगळवार

सावळाराम आले. दारात पाहताच वाटले, तक्रार आली. पण ते तक्रार घेऊन आले नव्हते. विचारायला आले होते. "मास्तर, ऊस पिवळा पडाय लागलाय. लेखात हाय की, पानं मलूल दिसत्याल, घाबरू नगा. म्हनून घाबरलो न्हाय. पर किती पिवळा पडूस्तर घाबरायचं न्हाय, त्ये लिव्हलं न्हाय."

मी म्हणालो, येऊन बघतो. त्यांना त्याचाच आनंद झाला.

२१ मे, गुरुवार

काटेवाडीला गेलो. बाजारचा दिवस असल्याने गाव मोकळे होते. सावळारामांचा मळा भाजीपाल्याचा आणि मागच्या कडेला ऊस. वांगी, दोडकी हिरवीगार. त्यांना विहिरीचे पाणी. उसाच्या फडात शिरलो तर पायाखाली पाचट कुरकुरत होते. शेंडे वाळलेले. ढेकळे फुटून जमिनीला भेगा पडलेल्या. हात लावला तर पान चुरले.

त्यांची बायको चंद्राबाई बांधावर उभी होती. तिने मला बसायलाही सांगितले नाही. "ह्यास्नी किती येळा म्हनलं, पानी द्या, पानी द्या. कालव्याला पानी चाललंय, आमच्या म्होरनं चाललंय, आन् ह्ये म्हनत्यात छापलंय. छापलंय तर पिऊ द्या त्याला कागद!"

"तू गप," सावळाराम म्हणाले. "मास्तर, पुढली पाळी तरी घिऊ का? लेखापरमानं ती सोडायची हाय."

मी म्हणालो, "घ्या. घ्याच."

"तुमीच छापलं आन् तुमीच मोडता व्हय?"

इथे सांगायला हवे होते. तोंडाशी आले होते. पण हा माणूस माझ्याकडे भरवशाने बघत होता. "उन्हाळा जास्त आहे यंदा," एवढेच म्हणालो. हे मी म्हणालो, ज्याने आयुष्यभर पोरांना खोटे बोलल्याबद्दल छड्या दिल्या. परत येताना वाटेत दोनदा बसलो. मला माझी लाज वाटली आणि ती अजून जात नाही.

त्यांच्या गावातल्या आणखी काहीजणांनी पाळी सोडली आहे. सोडलेली पाळी परत मिळत नाही. पुढची येईपर्यंत पुन्हा दहाबारा दिवस.

२२ मे, शुक्रवार

सकाळी सौ.ला सगळे सांगायला बसलो. कुठून सुरुवात करावी कळेना. फोटोपासून केली. तिने मध्येच थांबवले.

"आरसा मीच दिला होता तुम्हाला," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारले.

"तुम्ही फोटो धरला तेव्हा मी मागेच होते. मला ऊस कळत नाही. पण रंगूबाईच्या कपाळावरची बट मला दिसली. दोन फोटोंत अगदी तशीच कशी येईल?" मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही आहात ना. तुम्ही कराल काय ते. म्हणून वाट बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"माझा मुलगा नाही तो? माझ्या तोंडून कशाला काढवता?" आणि तिला रडू आले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण मी तिच्या शेजारी बसून रडलो असा हा पहिलाच दिवस.

२४ मे, रविवार

निवेदन लिहिले. पहिला खर्डा पानभर. 'सदर लेखातील निष्कर्ष पुनर्विचाराअंती ग्राह्य धरता येत नाहीत' वगैरे. सौ.ला वाचून दाखवला. म्हणाली, "हे काटेवाडीला देवळापुढे वाचलं तर काय कळणार?" खरेच. फाडला. दुसऱ्यात 'लेख मागे घेत आहोत' एवढेच ठेवले, तर भीमा छापखान्यात म्हणाला, "मागं घेतला म्हंजी? अंक तर घरोघरी गेल्यात. मानसं म्हनत्याल, मास्तरचं आन् लेकाचं बिनसलं." मग तिथेच उभ्याने लिहिले:

'चैत्राच्या अंकात उसास एकाआड पाळीचे पाणी द्यावे असा लेख आला होता. तो खोटा आहे. दुसऱ्या वर्षाचा ऊस वाळला होता, तो चांगला आला असे लेखात लिहिले. पृष्ठ अकरावरचे दोन्ही फोटो एकाच उसाचे आहेत. हा लेख आम्ही मागे घेतो. कोणीही एकही पाळी सोडू नये. लेखक श्री. आनंद माझा मुलगा आहे. त्याचा लेख मी कोणाकडूनही तपासून न घेता छापला. वैशाखाच्या अंकात छापखान्याची चूक झाल्यासारखे लिहिले, तीही माझीच चूक.'

ज्येष्ठाच्या अंकाची वाट बघण्यात अर्थ नाही. सुटे पत्रक छापायचे, सगळ्या वर्गणीदारांना पाठवायचे. एक प्रत मोहनरावांना. एक प्रत मुलाखत घेणाऱ्या साहेबांना. ती शेवटची पाकिटात घातली आणि पत्ता पुन्हा पुन्हा वाचत बसलो. सौ. म्हणाली, "द्या इकडे," आणि तिनेच चिकटवली.

भीमाने पत्रक लगेच लावायला घेतले. म्हणाला, "बसा की मास्तर, उन्हाचं कुठं जाता."

२८ मे, गुरुवार

मोहनरावांचे उत्तर आले. मंडळाची परवानगी न घेता केले, संपादकपदाचा राजीनामा द्यावा. देऊन टाकला. वाटले होते हलके वाटेल. फक्त दमल्यासारखे वाटले.

दुपारी आनंद आला. पत्रक हातात. दारातूनच म्हणाला, "तिथंही पाठवलंत? तिथंही?"

मी होय म्हटले.

"चार दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं? मी लिहिणार होतो. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"काटेवाडीला जाऊन आलास?" मी विचारले.

"काटेवाडीचा काय संबंध?"

मला खरेच वाटले होते की त्याला ठाऊक असेल. त्याच्या डोळ्यांपुढे फार्म होता, साहेब होते, मी होतो. लेख वाचून कोणी तरी पाणी सोडून देईल, हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. मी त्याला सावळारामांचा ऊस सांगितला. तो ओसरीच्या पायरीवर बसला. सौ. आतून बाहेर आली. मला वाटले होते ती त्याला जवळ घेईल.

"तिकडे लेख मोठ्यानं वाचला होता," ती म्हणाली. "हेही वाचायला हवं. तू वाच. आम्ही येतो बरोबर."

"आई, मी नाही वाचणार."

"जेवून घे आधी," ती म्हणाली आणि पाट मांडायला गेली.

३० मे, शनिवार

काटेवाडी. पारावर वीसपंचवीस माणसे असतील. सावळारामांनी सतरंजी घातली होती. त्यांना वाटले, नवा लेख आहे.

आनंद उभा राहिला आणि वाचू लागला. आवाज आधी बरा होता. 'तो खोटा आहे' इथे अडखळला. कोणी तरी म्हणाले, "पुन्यांदा वाचा, ऐकू आलं न्हाय." त्याने पुन्हा वाचले. स्वतःचे नाव आले तेव्हा थांबला. सौ. बायकांत बसली होती. ती त्याच्याकडे बघत होती, मान खाली घातली नाही. त्याने नाव वाचले आणि शेवटपर्यंत वाचून कागद घडी केला.

शिव्या येतील अशी माझी तयारी होती. आल्या नाहीत. एक म्हातारा उठून निघून गेला. चंद्राबाई मोठ्याने म्हणाली, "म्हंजी म्या म्हनत हुते तेच खरं." एकाने विचारले, "मग मीठ फुटतंय त्याला काय करायचं?" आनंदने सांगितले, "मला ठाऊक नाही." हे वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

सगळे उठल्यावर सावळारामांनी सतरंजी गुंडाळली. मग आनंदला म्हणाले, "परवा पाळी हाय माजी. पानी आलं की समद्या फडात फिरवाय लागंल, आन् मानसं कमी हायत. तुमी या. दारं धरा." उसाच्या सऱ्यांत पाणी वळवायला दिवसभर चिखलात उभे राहून माती ओढायची, त्याला इकडे दारे धरणे म्हणतात.

आनंदने मान हलवली. परवा म्हणजे एक जून. दुसऱ्या दिवशी मुलाखत. तिकडून आज सकाळी उत्तर आले आहे, येऊ नये. ते त्याने खिशातून काढून मला वाटेत दाखवले आणि परत खिशात ठेवले.

४ जून, गुरुवार

पाळी आली, गेली. आनंद तिथेच सावळारामांच्या गोठ्यात निजत होता. काल संध्याकाळी घरी आला. पाय गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले, तळहाताला फोड. सौ.ने पाणी तापवून दिले. तो जेवला, दोन दिवसांचा उपाशी असल्यासारखा जेवला. तिला फार बरे वाटले, मलाही.

हात धुताना म्हणाला, "तात्या, निम्मा फड गेला. निम्मा जगेल. कालव्याकडच्या बाजूला नवे कोंब दिसतायत."

"हो का," मी म्हणालो. "बरं झालं." तो निजायला गेला. आज पहाटे उठून पुन्हा काटेवाडीला गेला, शेजारच्या फडाची पाळी होती.

मी चहाही न घेता मागोमाग निघालो. सौ.ने कुठे म्हणून विचारले नाही. गावात न जाता बांधाबांधाने थेट फडावर गेलो. कालव्याकडच्या बाजूने एकेक सरी बघत चाललो. वाकून बघितले. कोंब होते. दुसऱ्या बाजूचा ऊस गेलेला. निम्मा म्हणाला होता, निम्म्याहून थोडा जास्तच हिरवा दिसत होता. त्याने सांगितले ते खरे होते.

वर मान केली तर शेजारच्या फडात आनंद खोरे घेऊन उभा. त्याने मला येताना पाहिले होते, वाकून कोंब बघतानाही पाहिले असणार. मी काहीतरी बोलावे म्हणून "सावळाराम आहेत का?" असे विचारले.

"बाजारला गेले," तो म्हणाला. मी कशासाठी आलो ते त्याला कळले होते. तो रागावला नाही. "त्या टोकालाही बघून घ्या, तात्या," एवढे म्हणाला आणि पुन्हा दारे धरू लागला.

मी त्या टोकालाही जाऊन बघितले.